एक खाडा आणि दहा दिवसांचा एनआयसीयू

मी मिसिसिपीतल्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. त्या दिवशी एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, पेनिसिलिनची ऑर्डर आली: किलोमागे 50,000 युनिट, दर बारा तासांनी, शिरेतून. निदान वाचायची गरजच नव्हती. जन्मजात सिफिलिस, म्हणजे आईचा हा लैंगिक संसर्ग पोटातच बाळाला झालेला. 2012 साली अख्ख्या अमेरिकेत अशी 335 बाळं नोंदली गेली होती, 2022 मध्ये 3,700 च्या वर. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त.

आईची फाइल उघडली. कोंबड्यांच्या कारखान्यात तासावर काम. गरोदरपणातच चाचणी पॉझिटिव्ह आलेली, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं लिहिलेली. पहिलं घेतलं. दुसऱ्या वेळी दवाखान्यात औषधच नव्हतं. 2023 चा, या इंजेक्शनातल्या पेनिसिलिनचा तुटवडा. 'नंतर या' म्हणाले. नंतर म्हणजे पुन्हा खाडा, पुन्हा कुणाची तरी गाडी मागा. फाइलवर शेरा: 'रुग्ण सहकार्य करत नाही'. असलं काही वाचलं की माझं डोकंच फिरतं. बाई आली होती की!

आता बाळाची दहा दिवसांची भरती, दिवसाला हजारो डॉलर. पाठीतलं पाणी काढून तपासणी, हाडांचे एक्स-रे वेगळेच. मध्ये एक दिवसाहून जास्त औषध चुकलं तर दहा दिवस पहिल्यापासून. बिल मेडिकेडकडे, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याकडे, शेवटी सरकारच्याच खिशातून. तिची दिवसाची मजुरी भरून दिली असती तरी स्वस्त पडलं असतं.

दुपारी वर गेले तर बाळापाशी आजी बसलेली. "पोरी, हे पेनिसिलिनच ना? नक्की?"

शेजारच्या अलाबामात, टस्कगीला, 1932 ते 1972 सरकारी आरोग्यखात्यानं सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं निरखत ठेवलं होतं. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही. आजीचे वडील त्याच भागातले. मी सिरिंजचं लेबल पुढे धरलं. तिनं चष्मा लावून अक्षर न अक्षर वाचलं, माझं ओळखपत्रसुद्धा. मग नर्सला म्हणाली, "दे आता."

आईचाही कोर्स पहिल्यापासून करायचा होता. चार ठिकाणी फोन फिरवून औषध मिळवलं, पहिलं इंजेक्शन वॉर्डातच दिलं. उरलेल्या दोन दिवसांची पगारी रजा मिळेल का, असं सोशल वर्करला विचारलं.

"पगारी? अगं, बाळंतपणाचीच बिनपगारी मिळालीय तिला."

"मग निदान गाडीचं तरी बघ," म्हटलं.