तुम्ही विचारलंत म्हणून: बाटलीत जागेची चव खरंच असते का?

व्हिस्की, वाईन आणि वनौषधींची लिक्युअर (म्हणजे गोड मद्य) यांची मला आवड आहे हे कळलं, की बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात. 'अमुक बेटाची, तमुक खोऱ्याची असं लेबलवर असतं. ती जागा चवीत खरंच लागते, की ही नुसती माल खपवायची गोष्ट?'

लागते. फक्त ती आपल्याला वाटते त्या वाटेने बाटलीत येत नाही. ती कुठून आली हे शोधायला लागल्यापासून मला या सगळ्यात खरी गोडी वाटू लागली.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं आयला बेट घ्या. तिथल्या आर्डबेग किंवा लाफ्रोइग या व्हिस्कीचा नुसता वास घेतला तरी धूर, डांबर, आयोडीन असं काहीतरी नाकात भरतं. हा समुद्राच्या वाऱ्याचा गुण, असं मोठ्या विश्वासाने सांगतात. मला ते पटत नाही. बेटावर गाळलेली बरीच व्हिस्की तर मुख्य भूमीवरच्या गोदामांत मुरते. त्या वासाचं मूळ जळणात आहे. बेटावर झाडं कमी आणि दलदल अफाट. त्या दलदलीत हजारो वर्षं साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, म्हणजे पीट, कापायचा, वाळवायचा आणि जाळायचा, हीच तिथली रीत. मोड आलेली बार्ली त्या धुरावर सुकवली की धुरातले फिनॉल, म्हणजे धुरकट वासाची रसायनं, दाण्यांत मुरतात आणि भट्टीतून गाळून निघाल्यावरही टिकून राहतात. त्याच बेटावरच्या बुनाहाव्हनची नेहमीची व्हिस्की पीटचा धूर न दिलेल्या बार्लीची असते. समुद्र तोच, वारा तोच, पण तो धूर तिच्यात नाही.

हवामानाचं मात्र तसं नाही, ते खरोखर आत शिरतं. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते. याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. तिथे मुरता मुरता अल्कोहोलचं प्रमाण उतरत जातं. अमेरिकेतल्या केंटकीत, गोदामाच्या वरच्या तापलेल्या मजल्यांवर, पाणी जास्त उडतं आणि तिथली बर्बन व्हिस्की उलट कडक होत जाते. आणि बर्बनचा कायदा म्हणतो की ती आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपातच मुरली पाहिजे. मग एकदा वापरलेल्या त्या पिंपांचं करायचं काय? ती मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात. स्कॉचमध्ये व्हॅनिलासारखा गोडवा लागतो तो बरेचदा या पिंपांतला असतो. एका देशाच्या नियमाची चव दुसऱ्या देशाच्या दारूत उतरते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

वाईनच्या बाबतीत सगळे मातीचं नाव घेतात. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली रीसलिंग ही पांढरी वाईन प्यायली की पाटीच्या दगडाची चव आली, असं म्हणायचा मोह मलाही होतो. पण वेलीची मुळं पाण्यात विरघळलेली खनिजं शोषतात, तीही इतकी थोडी की जिभेला कळणार नाहीत. त्या दगडाचं काम वेगळं आहे. प्रदेश थंड, उतार नदीकडे जवळजवळ उभे. काळपट दगड दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री वेलींना ऊब देतो. एरवी जिथे द्राक्ष पिकणं कठीण, तिथे ते सावकाश पिकतं आणि त्याचा आंबटपणाही शाबूत राहतो.

लिक्युअरवर मात्र जरा थांबून बोलतो, कारण तुमच्या प्रश्नाची परीक्षा तिथे इतिहासानेच घेतली आहे. शार्त्रूज ही फ्रेंच आल्प्समधल्या, ग्रनोबलजवळच्या मठातल्या कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाच्या भिक्षूंची लिक्युअर. तिच्यात १३० वनस्पती पडतात आणि तिचं मूळ १६०५ साली त्यांच्या हाती आलेल्या एका हस्तलिखितात आहे. हिरव्या शार्त्रूजमध्ये अल्कोहोल ५५ टक्के असतं, आणि तो हिरवा रंगही वनस्पतींचाच. १९०३ साली फ्रेंच सरकारने भिक्षूंना देशाबाहेर काढलं, त्यांची मालमत्ता जप्त केली आणि शार्त्रूज हे नाव एका कंपनीच्या हाती गेलं. कंपनीकडे तेच खोरं, तेच डोंगर आणि लेबलवर तेच नाव होतं, फक्त कृती नव्हती. भिक्षूंनी स्पेनमधल्या तारागोना या किनाऱ्यावरच्या शहरात भट्टी लावली. त्यांच्याकडे कृती होती, पण आल्प्स नव्हते. पिणाऱ्यांनी तारागोनाची बाटली खरी मानली. १९२९ साली कंपनीचं दिवाळं निघालं, तेव्हा मठाच्या परिसरातल्याच लोकांनी तिचे शेअर विकत घेतले आणि नाव भिक्षूंना परत दिलं.

म्हणून शार्त्रूजपुरती जागा कुठे आहे असं विचाराल तर मी म्हणेन, त्या माणसांच्या दिनक्रमात. पूर्ण कृती आजही मोजक्या भिक्षूंनाच ठाऊक असते. अलीकडे मागणी खूप वाढली, तरी प्रार्थनेचा आणि एकांताचा वेळ जाऊ नये म्हणून त्यांनी उत्पादन न वाढवण्याचं ठरवलं. २०२३ मध्ये ते जाहीरही झालं. बाटली मिळेनाशी झाली म्हणून काही जण रागावले. मला त्या निर्णयाबद्दल आदरच वाटतो.

आता, तुम्हाला हे स्वतः ताडून बघायचं असेल तर एखादी धुरकट आयला आणि साधी बुनाहाव्हन शेजारी शेजारी ठेवा. तोंडाशी निमुळते ग्लास, प्रत्येकात दोन चमचे पुरेत. निम्म्याहून अधिक काम नाकच करतं, त्यामुळे कमी घेऊन काही हुकत नाही. आधी नुसता वास घ्या, मग पाण्याचे काही थेंब टाकून पुन्हा घ्या. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर हे तपासलं होतं: पाणी मिसळल्यावर धुरकट वास देणारा ग्वायाकॉल नावाचा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. शार्त्रूज चाखायची असेल तर ती सगळ्यात शेवटी घ्या. तिचा गोडवा आणि कडवटपणा जिभेवर इतका रेंगाळतो, की पुढच्या ग्लासातलं काही नीट कळणार नाही.