डेक 38 इंची घेतला : मोवरची नोंद, मे अखेर

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, गवत कापायच्या मोवरच्या जुन्या डेकचा, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या आवरणाचा, पत्रा डाव्या स्पिंडलजवळ (पातं फिरवणाऱ्या दांड्याजवळ) गंजलाय. वेल्डिंग करून पाहिलं, पण पत्राच इतका झिजलाय की टाका धरत नाही. म्हणजे डेक नवाच घ्यायचा. इंजिन आणि गिअर ठणठणीत आहेत. या मोवरला 38 आणि 42 इंच रुंदीचे दोन्ही डेक बसतात, बेल्ट मात्र त्या त्या मापाचा लागतो. 46 हवा तर अख्खं यंत्र बदलायचं. महिनाभर माझं मन त्या 46 वरच होतं.

नवीन मंडळींसाठी जागेचं सांगतो. सातारा-मेढा रस्त्याला, कण्हेर धरणाच्या अलीकडे घर आहे. घर आणि आंबे सोडून मोकळं गवत साधारण 20 गुंठे, म्हणजे 2,000 चौरस मीटरच्या आसपास. बहुतेक हरळी, कडेला कुसळी.

आधी कागदावर हिशेब केला. ताशी 5 किलोमीटर वेग आणि प्रत्येक पट्ट्यात 10 सेंटीमीटर आधीच्या पट्ट्यावर चढवायचे असं धरलं. 38 इंची डेकला 28 मिनिटं, 42 ला 25, 46 ला 23. वळणांचा वेळ वेगळा, पण तो तिघांनाही लागणारच. हा आकडा पाहून मी खरंच थांबलो. एवढा खर्च करून वाचणार किती, तर पाच मिनिटं!

मग जमिनीकडे वळलो. ही जागा पूर्वी शेत होती, मधोमध जुन्या बांधाचा उंचवटा अजून आहे. कळकाच्या तीन काठ्या 38, 42 आणि 46 इंचांच्या तोडल्या. शेजारच्या आप्पांना म्हटलं, "आप्पा, जरा मधोमध धरा, हलू देऊ नका." काठीचा मध्य बांधाच्या माथ्यावर टेकवून ती आडवी समतल धरली आणि दोन्ही टोकांखालची फट मोजली. 38 ला दीड इंच, 42 ला पावणेदोन, 46 ला सव्वादोन. माथ्यावर अडीच इंच गवत राखलं, तर 46 च्या कडेला ते पावणेपाच इंच राहणार. डेक खाली घ्यावा तर पातं माथ्यावरची माती खरवडणार. डेकला पुढे लावलेली छोटी चाकं अशा उंचवट्यावर डेक उचलून धरतात, पण रुंद डेकच्या दोन चाकांमध्ये अंतरही जास्त, आणि माथा नेमका त्या मधल्या जागेत येतो. ही काठीची तपासणी प्रत्येकानं करावी. दहा मिनिटं लागतात आणि ती कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा खरं सांगते.

38 की 42 हे मागच्या परसाच्या फाटकानं ठरवलं. ते 44 इंच आहे. कापलेलं गवत जिथून बाहेर पडतं त्या तोंडावरची कडेची झडप वर दुमडून 38 निवांत जातो, 42 दोन्ही खांबांना घासायच्या बेतात. शिवाय मागच्या चाकांची बाहेरची रुंदी 36 इंच आहे, म्हणजे 38 चा डेक चाकांच्या वाटेतलं सगळं गवत कापतो. डेक चाकांपेक्षा अरुंद असला की चाकांखाली गवत न कापताच दबतं, तेवढं जरूर तपासा.

पत्र्याचा प्रकारही पाहिला. जाड पट्ट्या वेल्ड करून बनवलेला डेक दगडाला टिकतो, पण जड असतो आणि आतल्या कोपऱ्यांत ओलं गवत चिकटतं. मी एकाच पत्र्यातून दाबून घडवलेला गोलसर डेक घेतला. आमच्याकडे जुलैत पाऊस उसंत देत नाही, तेव्हा आतून सहज खरवडता येणं मला जास्त मोलाचं वाटतं. खरवडताना स्पार्क प्लगची वायर काढून ठेवायची, यात हयगय नको.

बसवताना आधी चारही टायरची हवा नीट केली. मग पात्याची टोकं डावी-उजवी मोजली, फरक 3 मिलिमीटरच्या आत आणला. पुढचं टोक मागच्यापेक्षा 5 मिलिमीटर खाली ठेवलं. जुन्या डेकला हे कधी केलंच नव्हतं.

वळवाची सर पडून गेल्यावर, माती वाळू देऊन पहिली कापणी केली. बांधावर एकही तपकिरी चट्टा नाही. गवताचा चुरा करणारी झाकणी दिवाळीनंतर लावणार. पावसात गवत बाहेर पडायचं कडेचं तोंड मोकळंच राहील. आता पहिल्या मोठ्या पावसानंतर डेकखाली किती गवत साचतं ते तागडीत वजन करून इथंच लिहीन.