उत्तर यायला लागणारा वेळ

काल दुपारी मी मुलाला हाक मारली आणि उत्तर आले नाही. तो पलीकडच्या खोलीत पडद्यासमोर बसला होता. आमच्यात फार तर पाच मीटरांचे अंतर असेल आणि तेवढे अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा सत्तरावा भाग पुरतो, त्यामुळे उशिराचे खापर भौतिकशास्त्रावर फोडण्याची सोय नव्हती. दुसरी हाक मारली, मग घरात केवळ संतापाच्या प्रसंगी वापरले जाणारे संपूर्ण नाव घेऊन तिसरी मारली, आणि शेवटी उठून गेले. पडद्यावर दीर्घिकेच्या कुठल्याशा टोकाला अडकलेल्या यानाचा कप्तान आपल्या वरिष्ठांशी बोलत होता आणि ते वरिष्ठ जणू शेजारच्या खुर्चीत बसल्यासारखे त्याचे वाक्य अर्ध्यावर तोडत होते.

विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाला अशा वेळी गप्प बसता येत नाही. चंद्रावरच्या माणसाला काही विचारले तर उत्तर कानी पडायला अडीच सेकंद लागतात, मंगळावर तर नुसता निरोप पोहोचायलाच 3 ते 22 मिनिटे जातात, आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा ताराही सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे; म्हणजे तू आज नवव्या वर्षी तिथे काही विचारलेस तर उत्तर येईल तेव्हा तुला मिसरूड फुटलेले असेल, असे सगळे मी त्याला एका दमात ऐकवले. नजर न हलवता त्याने विचारले, "मग गोष्टीत तोवर ते काय करणार?"

प्रश्न रास्त होता. आम्ही लेखकमंडळी त्याला बगल देत आलो आहोत. अर्सुला ले ग्विन यांनी 1966 मध्ये कितीही अंतरावर तत्क्षणी निरोप पोहोचवणारे 'अँसिबल' नावाचे यंत्र कल्पिले, आणि पुढे इतरांनी ते शेजारच्या घरून विरजण आणावे इतक्या सहजपणे आपापल्या कथांत आणले. मी मात्र एकदा हट्टाने पृथ्वीवरची आई आणि मंगळावरची मुलगी यांची कथा लिहिली होती. आईचा निरोप गेल्यावर उत्तरापर्यंतच्या चाळीस मिनिटांत ती आपलेच वाक्य मनात उसवत बसते, त्यातला एक शब्द तिला बोचू लागतो, ती सारवासारव करणारा दुसरा निरोप धाडते, आणि तो वाटेत असतानाच पहिल्याचे रागावलेले उत्तर येऊन थडकते. 'संवाद रेंगाळतात' असा शेरा मारून संपादकांनी कथा परत पाठवली. त्यातला रेंगाळण्याचा भागच तेवढा चांगला होता, असे मला अजूनही वाटते.

1977 मध्ये निघालेले व्हॉयेजर 1 हे यान नोव्हेंबर 2023 मध्ये अचानक निरर्थक बडबड करू लागले. त्याच्या स्मृतीतली एक चिप निकामी झाली होती. अभियंत्यांनी दुरुस्तीची आज्ञा 18 एप्रिल 2024 रोजी पाठवली आणि ती लागू पडल्याचे त्यांना 20 एप्रिलला कळले. चित्रपटात हे दोन दिवस एका कटमध्ये उडवले जातील. मला पाहायचे असतील ते नेमके हेच दोन दिवस. त्या माणसांना जेवण गेले का, घरच्यांच्या हाकेला त्यांनी ओ दिली का.

माझे वडील असेच उशिरा उत्तर देत. तुटलेल्या ताऱ्याची आकाशातली जागा रिकामी राहते का, असे मी लहानपणी एका रात्री त्यांना विचारले होते. "बघून सांगतो" एवढेच ते म्हणाले. आठवड्याभराने एका सकाळी, डाव्या हातात बूट चढवून उजव्या हाताने त्याला पॉलिश करता करता, मान वर न करता ते म्हणाले, "नाही राहत. तो मुळी तारा नसतोच. वाळूच्या कणाएवढा खडा असतो, हवेत शिरताना जळतो." मी तोवर कुठल्या तरी हरवलेल्या रबराच्या शोधात होते. "कुठली जागा?" मी विचारले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, बुटावर फुंकर मारली आणि दुसरा बूट उचलला. मधले सात दिवस तो प्रश्न त्यांनी सोबत वागवला असणार, हे माझ्या लक्षात यायला तीसेक वर्षे लागली, आणि तेव्हा ते सांगायला ते नव्हते.

मी परत येऊन टेबलाशी बसले. बऱ्याच वेळाने, बहुधा भाग संपल्यावर, तो दारात येऊन उभा राहिला.

"आई, मघाशी हाक मारलीस ना? कशाला?"

मी पुष्कळ आठवून पाहिले.

"बघून सांगते," मी म्हणाले.