स्वमत गाईडात मिळेल

जूनमध्ये सिंगापूरहून मुलुंडला माहेरी आलं की एक वाक्य ऐकावंच लागतं. "तुमचं बरं आहे बाई, तिकडे मुलांना मोकळीक असते." सिंगापूरच्या शाळांना जूनमध्ये सुट्टी आणि आपल्या शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. त्यामुळे आमचे चिरंजीव आजीकडे लोळत पडलेले असतात आणि त्यांची मामेबहीण रेवा दप्तर, छत्री, क्लासची बॅग असं सगळं सांभाळत जिना उतरत असते. बघणाऱ्याने काय समजायचं?

मोकळीक म्हणे! सिंगापूरला बाराव्या वर्षी, सहावीच्या शेवटी, पीएसएलई नावाची परीक्षा असते. 1960 पासून चालू आहे, आणि पुढची माध्यमिक शाळा कोणती मिळणार ते तिच्यावर ठरतं. आपल्या पोरांची निदान दहावीपर्यंत बोर्डाशी गाठ पडत नाही. तिकडच्या सरकारने खटपट केली, हे नाकारत नाही. 2021 पासून गुण काढायची जुनी पद्धत बदलली. आता चार विषय, प्रत्येकाला 1 ते 8 यांपैकी एक श्रेणी, आणि चारांची बेरीज जितकी कमी तितकं चांगलं. बेरीज 4 आली म्हणजे देव पावला. सहामाही परीक्षाही 2023 पर्यंत सगळ्या इयत्तांतून काढून टाकल्या. शाळेतून गेल्या, पण ट्यूशन सेंटरात त्या सुखाने नांदताहेत. माझा मुलगाही गणिताला जातो. सगळेच जातात. परक्या देशात एकट्याने बाणेदारपणा दाखवायची हौस मला नाही. ज्यांच्याकडे एका हाकेवर मामा-मामी, आजी-आजोबा आहेत, त्यांनी दाखवावा.

पीएसएलईच्या इंग्रजी निबंधाचंच बघा. एक विषय देतात, तीन चित्रं देतात, आणि किमान 150 शब्दांत गोष्ट लिहायची. वाचताना वाटतं, वा, काय मोकळं रान! पण पुस्तकांच्या दुकानात आदर्श निबंधांची कपाटंच्या कपाटं असतात, आणि पोरं त्यातली वाक्यं घोकतात. माझ्या मुलाच्या प्रत्येक गोष्टीत कुणाचं तरी हृदय धडधडतं आणि कपाळावर घामाचे मोती जमतात. गोष्ट हरवलेल्या पाकिटाची असो की आजीच्या वाढदिवसाची, घाम ठरलेला.

एवढं असूनही 2022 च्या पिसा चाचणीत, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत, सर्जनशील विचार नावाचा जो नवा भाग होता, त्यात पहिला नंबर सिंगापूरचा. निकाल 2024 मध्ये लागला. 60 पैकी सरासरी 41. ही चाचणी घेणाऱ्या ओईसीडी या संघटनेच्या देशांची सरासरी 33. त्या दिवशी मी जणू माझ्याच घरी पेढे वाटायचे आहेत अशा थाटात फॅमिली ग्रुपवर बातमी टाकली. आपण त्या फेरीत नव्हतोच. 2009 च्या चाचणीत हिमाचल आणि तमिळनाडू बसले होते, तळाशी गेले, आणि त्यानंतर आपण तो नादच सोडला. दादाचं उत्तर लगेच आलं, "परीक्षेत पहिले येणारे अजून एका परीक्षेत पहिले आले. त्यात काय मोठं?" मी चिडले, कारण याला चटकन देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

यंदा रेवा दहावीला आहे, मराठी माध्यम, स्टेट बोर्ड. तिची पुस्तकं चाळताना बरंच काही नव्याने कळलं. भाषेची प्रश्नपत्रिका जाऊन कृतिपत्रिका आलेली आहे. मार्च 2019 च्या बॅचपासून दहावीला हाच नमुना आहे. मराठी कुमारभारतीच्या 80 गुणांपैकी 24 गुण उपयोजित लेखनाला: पत्र किंवा सारांश, जाहिरात, बातमी, कथा, शिवाय प्रसंग, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन. वर पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांखाली स्वमत. आमच्या वेळी धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं घोटून लिहिली की झालं. म्हणजे बोर्डाने खिडकी उघडलेली आहे बरं का, आणि चांगली ऐसपैस. आणि मग मी गाईड उघडलं. त्यात स्वमत तयार! 'मला असे वाटते की' पासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. मुंबईपासून चंद्रपूरपर्यंत किती पोरांना नेमकं तसंच वाटत असेल देव जाणे.

रेखाकला परीक्षेचंही तेच. एलिमेंटरी, इंटरमिजिएटचं मला फार कौतुक आहे. सरकार चित्रकलेची परीक्षा घेतं आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुणही देतं, हे मी तिकडच्या मैत्रिणींना अभिमानाने सांगते. पण रेवाने सरावाची वही दाखवली तर स्मरणचित्राचा बसस्टॉप तिने इतक्या वेळा काढलेला की छत्रीवाली बाई प्रत्येक पानावर त्याच कोपऱ्यात. कोपरा क्लासच्या सरांनी ठरवून दिलेला. यावरून नाक मुरडायचा हक्क मला नाही म्हणा. आमच्याकडे डीएसए नावाची सोय आहे, म्हणजे कला, खेळ, नाटक यांतल्या गुणांवर माध्यमिक शाळेत थेट प्रवेश. त्या मुलाखतींची तयारी करून घेणारेही आहेत, पैसे मोजून.

एवढ्यात तिच्या मराठीच्या बाईंची वही हाती लागली, म्हणजे रेवाचीच, बाईंनी तपासलेली. बाई काय करतात, तर आत्मकथनाचा विषय देतात आणि पहिली पाच मिनिटं मुलांना गाईडातली सुरुवातीची वाक्यं फळ्यावर लिहायला लावतात. 'अरे मित्रा, ओळखलंस का मला?' 'अचानक कुठूनतरी आवाज आला.' 'मी दचकलो, आजूबाजूला पाहिलं.' फळा भरला की त्याच्याभोवती चौकट काढतात. चौकटीतलं आज कुणी वापरायचं नाही. पत्राचा मायना, जाहिरातीची मांडणी, शब्दमर्यादा यांना मात्र हात लावायचा नाही. त्यात चूक झाली तर त्या निष्ठुरपणे गुण कापतात. रेवाला विषय होता रस्त्यातला खड्डा. तिचं पहिलं वाक्य: 'मला दर मे महिन्यात बुजवतात आणि दर जुलैत माझा वाढदिवस असतो.' खाली बाईंच्या लाल पेनात फक्त 'पुढे?' असं लिहिलेलं. पुढे तिने दीड पान लिहिलं होतं, खाडाखोड करत.

वर्गात पन्नासच्या वर मुलं. वरून निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. अशात इतक्या वह्यांवर 'पुढे?' लिहीत बसायचं, याचा पगार कोणी देत नाही. सिंगापूरच्या शिक्षकांना प्रशिक्षण उत्तम मिळतं, साधनं उत्तम मिळतात, आणि मी त्यांचं गुणगान कायम करत आले आहे. पण माझ्या मुलाच्या घामाच्या मोत्यांखाली आजवर कुणी असा प्रश्न टाकलेला नाही. तिथे बरोबरची खूण होती. चांगला शब्दप्रयोग म्हणून.

वहिनीला हे प्रकरण फारसं पसंत नाही. "बोर्डाचा पेपर तपासणाऱ्याला खड्ड्याचा वाढदिवस कळला नाही तर?" तिची भीती खोटी नाही. तपासणाऱ्याच्या पुढ्यात गठ्ठे असतात, मुद्दे दिसले की गुण. म्हणून रेवा दोन्ही करते, बाईंसाठी चौकटीबाहेरचं आणि क्लाससाठी चौकटीतलं. बोर्डाच्या पेपरात कोणतं लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. घरात त्यावर तट पडलेत, दादा बाईंच्या बाजूने आणि आई वहिनीच्या.

मी मुलाला बाईंची युक्ती करून पाहायला सांगितली. त्याने त्याची नेहमीची वाक्यं कागदावर मांडली, भोवती चौकट काढली आणि बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "आई, हे सगळं काढलं तर मार्क जातील." पुढच्या वर्षी त्याची पीएसएलई आहे, त्यामुळे मीही ताणून धरलं नाही. शेवटी घामाचे मोती सोडायला तो तयार झाला. धडधडणारं हृदय मात्र परीक्षेनंतर सोडतो म्हणाला.