तुम्ही विचारलंत म्हणून: लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकायचं कुठून?

कुणाच्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलं की आठवड्याभरात मला फोन येतोच. "सेटअपची फाइल डाउनलोड केली, डबल क्लिक करतोय, पण काहीच होत नाही. सॉफ्टवेअर टाकायचं तरी कसं?"

ती फाइल विंडोजसाठी बांधलेली असते, म्हणून चालत नाही. पण मला सांगायचं असतं ते वेगळंच: सॉफ्टवेअर हवं म्हणून आधी ब्राउझर उघडू नका. उबंटूचं स्वतःचं कोठार आहे, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. हजारो पॅकेजेस, म्हणजे टाकायला तयार बांधलेली सॉफ्टवेअरं, तिथे ठेवलेली असतात आणि त्यांच्या यादीवर डिजिटल सही असते. वाटेत कुणी फाइल बदलली तर सही जुळत नाही आणि तुमचा संगणक ती नाकारतो. कुठल्याही साइटवरून उचललेल्या फाइलबद्दल ही खात्री कोण देणार?

एक पॅकेज चालायला दुसरी चार लागतात. पूर्वी ती एकेक शोधून आणावी लागत. उबंटू ज्या डेबियन नावाच्या लिनक्सवर उभं आहे, त्या डेबियनच्या १९९९च्या आवृत्तीत ॲप्ट हे पॅकेजेस आणून बसवणारं साधन आलं, आणि हे काम ते स्वतः करू लागलं. मला आजही त्याचं फार अप्रूप वाटतं.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, नको असेल तर ॲप सेंटरमध्ये नाव शोधून इन्स्टॉल दाबा. टर्मिनलमध्ये आधी 'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी' (व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर, उदाहरणादाखल). यातलं अपडेट फक्त यादी ताजी करतं. सॉफ्टवेअर नवं करायचं तर 'अपग्रेड'. सुडो तुमचा पासवर्ड मागतं. तो टाइप करताना बहुतेक वेळा पडद्यावर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही, टाइप करून एंटर दाबा.

एकच कळकळीची विनंती. नेटवर दिसलेली सुडोची ओळ न वाचता चिकटवू नका. सुडो म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या देणं. एका बाहेरच्या रिपॉझिटरीवर मी असाच विश्वास टाकला होता. पुढचं अपग्रेड अर्ध्यात अडकलं आणि अख्खा रविवार दुरुस्तीत गेला.

सुरुवात 'लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर' या पॅकेजने करा. ते टाकलं की लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडता येते. मेनू मराठीत उघडला की मला फोन करा.