कोटेशन स्पॅममध्ये, पाऊस दारात

मे महिन्याचा तिसरा आठवडा. गोव्यातल्या फोंड्याकडे छपराची आणि गळतीची कामं घेणाऱ्यांना या दिवसांत जेवायलाही उसंत नसते. शाकारणी, टेरेसचं वॉटरप्रूफिंग, गंजलेल्या पन्हळी, सगळ्यांनाच सगळं मृग लागायच्या आत हवं असतं. त्यातल्याच एका व्यावसायिकाचा सकाळी फोन आला. "भाई, कोटेशन पाठवतोय, पण कुणाचंच उत्तर नाही. मस्कतचं गिऱ्हाईक म्हणतं, मेल आलाच नाही. शेवटी स्पॅममध्ये सापडला."

छोट्या धंद्यांच्या ईमेलची व्यवस्था बघणं हे माझं काम. पण हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची यादी वाढवायच्या नादात रोजच्या धंद्याचा मेल कसा अडकतो, ते इथे एकाच दिवसात स्पष्ट दिसलं.

पहिल्यांदा त्यांच्या मेलबॉक्सवरून एक साधा मेल माझ्या जीमेलवर मागवला. संगणकावर तो उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून मूळ संदेश पाहिला की वरच तीन ओळी दिसतात: एसपीएफ (या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची नोंद), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). एसपीएफसमोर 'पर्मएरर' होतं, म्हणजे नोंदच चुकलेली. डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या, डीएनएसमध्ये (त्या नावाच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत) गेलो तर एसपीएफच्या दोन वेगवेगळ्या नोंदी. एक मेलबॉक्स घेतला तेव्हाची, दुसरी घाऊक मेल पाठवायची सेवा घेतल्यावर कुणीतरी खाली जोडून दिलेली. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन सापडल्या की तपासणारा सर्व्हर दोन्ही सोडून देतो आणि निकाल चूक म्हणून नोंदवतो. त्यात मेलबॉक्सची डीकेआयएम सही सुरूच केलेली नव्हती. म्हणजे मेल खरोखर याच धंद्याकडून आला, याचा एकही पुरावा जीमेलपाशी पोचत नव्हता.

तरी एवढ्यानेच इतकं बिघडत नाही. खरं कारण घाऊक मेलच्या सेवेच्या बाऊन्स अहवालात, म्हणजे न पोचता परत आलेल्या मेलच्या यादीत होतं. एप्रिलमध्ये 'गोव्यातले फ्लॅटमालक' अशा नावाची एक्सेल फाइल विकत घेऊन सगळ्यांना एका दमात जाहिरात पाठवली होती. फाइल उघडून बसलो. एकाच इमारतीच्या नावापुढे ओळीने पत्ते, सगळे एकाच साच्यातले: नाव, टिंब, आडनाव. हे कुणी दिलेले पत्ते नव्हेत, अंदाजाने बनवलेले. काही अस्तित्वातच नाहीत, म्हणून कायमचे बाऊन्स. काही भलत्याच माणसांचे, म्हणून स्पॅमच्या तक्रारी. ही बदनामी डोमेनच्या नावावर जमा होते आणि कोटेशनही त्याच डोमेनवरून जातं.

दुपारपर्यंत दुरुस्ती झाली. दोन्ही नोंदी एकत्र करून एसपीएफची एकच ओळ केली. दोन्ही सेवांचे 'इन्क्लूड', म्हणजे त्यांच्या सर्व्हरना परवानगी देणारे भाग, त्या एका ओळीत येतात. एसपीएफ तपासताना डीएनएसमधल्या दहा शोधांची मर्यादा असते, म्हणून जुन्या, न वापरलेल्या सेवा त्यातून काढल्या. मेलबॉक्सची डीकेआयएम सुरू केली. डीमार्कची नोंद आधी नुसती अहवाल मागवणारी, म्हणजे 'पी=नन' ठेवली. त्या अहवालांत अनोळखी सर्व्हर दिसेनासे झाल्यावरच ती 'क्वारंटाइन'वर, म्हणजे संशयित मेल स्पॅममध्ये टाका असं सांगण्यावर न्यायची. घाईने कडक केली तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून जाणारी बिलं अडकतात, हे बऱ्याच ठिकाणी घडतं. शिवाय घाऊक मेलसाठी वेगळं उपडोमेन, म्हणजे मूळ नावाआधी एक शब्द जोडलेलं नाव काढलं. त्याने बदनामी पूर्ण तुटत नाही, पण कोटेशन आणि जाहिरात यांचा हिशेब बराचसा वेगळा राहतो.

विकत घेतलेली फाइल पूर्ण पुसली. "त्यातले चांगले पत्ते तेवढे ठेवूया ना?" असं त्यांनी विचारलं. चांगले कुठले ते शोधायला पुन्हा मेलच पाठवावे लागतात, म्हणून नाही. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने नियम कडक केले आहेत आणि तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्यांच्या आत ठेवा असं त्यांचं सांगणं आहे. जीमेलच्या पत्त्यांवर रोज 5000 किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकचं अनसबस्क्राइबही (यादीतून बाहेर पडायची सोय) सक्तीचं आहे. छोट्या यादीने हे आकडे आपल्यासाठी नाहीत असं समजू नये. दोनशे जणांना पाठवलेल्या मेलवर एकाने जरी 'स्पॅम' दाबलं, तरी ते अर्धा टक्का झालं.

मग यादी आणायची कुठून? त्यांच्याकडे ती होतीच, कार्बन कॉपीच्या बिलबुकांत. संध्याकाळी त्यांचा मुलगा आणि मी ती पुस्तकं घेऊन बसलो. गेल्या दोन वर्षांतलीच बिलं घेतली, त्याआधीचे लोक आपल्याला विसरलेले असतात. हस्ताक्षरात शून्य आणि 'ओ', एक आणि 'एल' यांचा घोळ होतो. 'जीमेल'चं स्पेलिंग उलटंपालटं लिहिलेलं असतं. शंका असेल तो पत्ता भरायचा नाही, फोन करून विचारायचा. या सगळ्यांना एकच छोटा मेल गेला: तुमच्या घराचं अमुक काम आम्ही केलं होतं, पावसाआधी आणि पावसानंतर छपराची आठवण करणारे मेल हवेत का, हवे असतील तर खालचा दुवा दाबा. ज्यांनी दाबला नाही त्यांचं नाव यादीत नाही. यादी निम्म्याहून लहान झाली, आणि मला तरी तीच यादी धंद्याची वाटते.

नवे पत्ते मिळायची जागा म्हणजे वेबसाइटवर उगवणारी चौकट नव्हे. या धंद्यात ती जागा टेरेसवर आहे. वॉटरप्रूफिंगचं हमीपत्र हे लोक हाताने लिहून देत आणि दोन वर्षांनी गळती झाली की ते कुणालाच सापडत नसे. आता मुकादम काम संपल्यावर सांगतो, "बाई, हमीपत्र मेलवर येईल. पत्ता सांगा, आत्ताच पाठवतो, आला का बघा." माणूस समोर उभा असताना मेल पोचला की पत्ता बरोबर असल्याचं तिथेच कळतं. पण हमीपत्रासाठी दिलेला पत्ता जाहिरातीसाठी वापरायचा नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती ठरावीक हेतूपुरतीच असते आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं लागतं. म्हणून फॉर्मवर दुसरा, रिकामा चौकोन: 'छपराच्या आठवणीचे मेल चालतील'. त्यावर खूण गिऱ्हाइकाने स्वतः करायची. नंतर खात्रीचा मेल जातो, त्यातला दुवा दाबला की नाव पक्कं. तारीख आणि कुठे संमती घेतली हे दोन रकाने फाइलमध्ये राहतात.

आणखी एक रकाना गोव्यात हवाच, भाषेचा. मडकईच्या जुन्या घराचा मालक मराठीत वाचतो, सासष्टीतलं गिऱ्हाईक रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत, पर्वरीच्या फ्लॅटवाल्याला इंग्रजी हवं. तिन्हींना एकच मजकूर पाठवला की दोघे न वाचताच पुसतात.

'व्हॉट्सअ‍ॅप असताना मेल कशाला' हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. व्हॉट्सअ‍ॅपचा ब्रॉडकास्ट तुमचा नंबर साठवलेल्यांनाच पोचतो. गोव्यातली कितीतरी घरं अशी, की मालक मुंबईत, आखातात किंवा इंग्लंडमध्ये आणि चावी शेजाऱ्याकडे. सिम बदलतं, मेलचा पत्ता सहसा बदलत नाही. आणि बिल, हमीपत्र, जुने फोटो दोन वर्षांनी मेलमध्ये शोधून सापडतात.

मेल वर्षाला चारच ठरवले. जानेवारीअखेर टेरेससाठी, कारण थर द्यायचा तर स्लॅब पूर्ण सुकलेला लागतो आणि मेमध्ये सगळ्यांची घाई असते. एप्रिलच्या सुरुवातीला कौलारू घरांना शाकारणीसाठी. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर तपासणीसाठी. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो जुलैचा. त्यात काहीच विकायचं नाही. मजकूर एवढाच: 'छताला ओल दिसत असेल तर डागाच्या कडेने आत्ता पेन्सिलीने रेघ मारा आणि तारीख लिहा. आठवड्याने पुन्हा बघा. डाग रेघेबाहेर गेला असेल तर रेघ आणि डाग दोन्ही दिसतील असा फोटो या मेलला उत्तर म्हणून पाठवा.' डाग पावसाबरोबर वाढतो की पाऊस नसतानाही, यावरून पाणी टेरेसवरून येतं की वरच्या न्हाणीघराच्या नळातून, याचा बराचसा अंदाज येतो. ऑक्टोबरमध्ये डाग सुकल्यावर ही माहिती मिळत नाही.

या मेलला येणारी उत्तरं हेच खरं मोजमाप. उघडल्याच्या टक्केवारीवर विसंबू नये. 2021 पासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमधली गोपनीयतेची सोय चालू असेल, तर माणसाने मेल पाहिला नाही तरी तो उघडल्याची नोंद होते. पाठवणाऱ्यांना तक्रारींचे आकडे दाखवणारं गूगलचं पोस्टमास्टर टूल्स इतक्या छोट्या यादीला बहुतेक वेळा रिकामंच दिसतं. तेव्हा बाऊन्स, अनसबस्क्राइब आणि उत्तरं, एवढंच पाहायचं. उत्तर येऊ शकेल असाच पाठवणाऱ्याचा पत्ता हवा, 'नो-रिप्लाय' नको. फोटो एक, तोही लहान करून. आणि मेलचा मजकूर-कोड 102 केबीच्या वर गेला तर जीमेल तो मध्येच कापतं आणि तळाचा अनसबस्क्राइबचा दुवा झाकला जातो. मग बाहेर पडायला 'स्पॅम' हेच बटण उरतं.

हाउसिंग सोसायट्यांचं मात्र वेगळं आहे. तिथे सेक्रेटरीचा स्वतःचा पत्ता घेतला, तर कमिटी बदलल्यावर मेल भलत्याच माणसाकडे जात राहतो. पर्वरी आणि म्हापशाकडच्या सोसायट्यांना आता सोसायटीच्या नावाचा पत्ता मागतात. नसेल तर कोटेशन देतानाच तो उघडून घ्या असं सांगतात, आणि कमिटी बदलली की संमती पुन्हा विचारतात.