ऑक्सिजन सेन्सर बदलला, कॅट वाचला – माझा अनुभव

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की गॅरेजवाला सांगेल ते पार्ट टाकून मोकळं व्हायचं असं बरेच जण करतात, त्यात पैसे खूप जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझी गाडी बीएस४ पेट्रोल हॅचबॅक, वापर सगळा पुण्यातल्या पुण्यात, कोथरूड ते शिवाजीनगर आणि परत. दिवा लागला तरी पिकअप वगैरे ठीक होता, फक्त सकाळी थंड इंजिन चालू केलं की सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास यायचा आणि ॲव्हरेज पडलं होतं. एका गॅरेजमधे दाखवली तर बॉनेट उघडायच्या आधीच "ताई, कॅट गेलाय, दोन्ही सेन्सरपण टाकून घ्या" असं सांगितलं, आणि कोड कुठला आलाय (दिवा का लागला ते गाडीचा कॉम्प्युटर कोडमधे नोंदवून ठेवतो) विचारलं तर त्यावर काही उत्तर नाही. सेन्सर म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारे ऑक्सिजन सेन्सर, आणि कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या नळीतला धूर साफ करणारा भाग, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचं काम, तो काय स्वस्तात येतो का, मी गाडी घेऊन सरळ बाहेर पडले.

मग ब्लूटूथवाला ईएलएम३२७ स्कॅनर मागवला. २०१३ नंतरच्या आपल्याकडच्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष तपासून नोंदवायची व्यवस्था) असतं, स्टिअरिंगच्या खाली सॉकेट असतो, त्यात लावायचा आणि मोबाईलवर बघायचं. कोड आला पी०१३५. म्हणजे बँक १ (इंजिनच्या सिलिंडरची पहिली रांग), सेन्सर १ चं हीटर सर्किट. सेन्सर १ हा कॅटच्या आधी असतो आणि इंजिनला पेट्रोल कमी-जास्त करायला तोच सांगतो, सेन्सर २ कॅटच्या नंतर, त्याचं मुख्य काम कॅट नीट चाललाय का ते बघणं. कॅट खराब असता तर साधारणपणे पी०४२० आला असता, तो नव्हताच.

आता हीटर कशाला, तर आतला झिर्कोनियाचा तुकडा साधारण ३०० डिग्रीच्या वर तापल्याशिवाय व्होल्टेज देत नाही. तो तापेपर्यंत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) अंदाजानेच पेट्रोल टाकतो आणि जरा जास्तच टाकतो. हीटर चालू असेल तर हा वेळ थोडक्यात संपतो, बंद असेल तर सायलेन्सरच्या उष्णतेवर अवलंबून राहावं लागतं, आणि माझ्यासारखं रोज छोटं अंतर, त्यात सिग्नलला थांबत थांबत, तर निम्मा रस्ता तसाच जातो. वास आणि ॲव्हरेज दोन्हीचं कारण इथेच मिळालं. पीयूसी मात्र आरामात पास झाली होती कारण ती गरम इंजिनवर होते आणि तिथे नळीतला धूर मोजतात, हा कोड कोणी वाचत नाही.

पण कोडमधे सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सरच गेला असं नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कोड सर्किटचा आहे, त्यात फ्यूज आला, वायर आली, कनेक्टर आला. आमच्या पार्किंगमधे उंदरांचा त्रास आहे आणि त्यांनी शेजाऱ्यांच्या गाडीची वायरिंग कुरतडली होती, म्हणून आधी वायर पूर्ण बघितली. फ्यूज चांगला. कनेक्टर काढून गाडीच्या बाजूला मीटर लावला, इंजिन चालू असताना हीटरच्या पिनवर १२ व्होल्टच्या वर येत होते. मग इंजिन बंद करून सेन्सरच्या बाजूला, चार वायरमधल्या दोन सारख्या रंगाच्या, बऱ्याचदा पांढऱ्या असतात त्या हीटरच्या, त्यांच्यात रेझिस्टन्स मोजला तर मीटर काहीच दाखवेना, सर्किट ओपन, म्हणजे हीटर आतून तुटलेला. मागच्या सेन्सरवर तेच मोजलं तर ९ ओहमच्या आसपास. इथे खात्री झाली की पुढचा सेन्सरच बदलायचा.

घेताना डोकं जास्त लावावं लागलं. नाना पेठेत गेले तर पहिल्याच दुकानात युनिव्हर्सल सेन्सर पुढे केला, निम्म्या किमतीत, "वायर कापून जोडा, सगळ्यांना चालतो". नको म्हणलं. एकतर हीटरची ताकद आणि वायरची लांबी गाडीप्रमाणे बदलते, आणि दुसरं म्हणजे या सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते, ती बऱ्याच सेन्सरमधे वायरच्या तारांमधूनच आत जाते, तिथे कोणी सोल्डर मारलं तर हवेची वाट बंद आणि रीडिंग चुकीचं. म्हणून कनेक्टरसकट तयार मिळणाराच घ्यायचा. जुन्या सेन्सरवर नंबर कोरलेला असतो, मोबाईल फटीत घालून फोटो काढला होता, तो दाखवून त्याच नंबरचा मागितला. एकाच मॉडेलच्या बीएस४ आणि बीएस६ गाडीचे नंबर वेगळे असू शकतात, पुढचा-मागचाही वेगळा असू शकतो, त्यामुळे नुसतं गाडीचं नाव सांगून घेऊ नका. बॉश, डेन्सो, एनटीके हे लोकच गाडीच्या कंपन्यांना सेन्सर देतात, तेव्हा त्यांच्या डब्यातला जुळणाऱ्या नंबरचा घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त बिल घ्या आणि अंगावरचा नंबर डब्याशी जुळवा. नकली माल भरपूर आहे.

काढायचं काम गल्लीतल्या मेकॅनिक काकांकडे केलं, मी बाजूलाच उभी. रात्री आट्यांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. काकांनी इंजिन थोडा वेळ चालवून कोमट केलं, "एकदम थंडमधे ओढलं तर आटे घेऊन येईल" म्हणाले, आणि उकळत्या गरममधे हात भाजतो. वायर जाईल अशी खाच असलेला २२ नंबरचा सॉकेट लागतो, साध्या फिक्स पान्याने कडा गोल होतात. एक जोरात कट्ट आवाज आला आणि सुटला. टोकाचा रंग फिकट तपकिरी होता. काळी काजळी असती तर पेट्रोल जास्त जळतंय, पांढरा थर असता तर कूलंट किंवा सिलिकॉन आत जातंय असा संशय, मग नवा सेन्सरही खराब व्हायची भीती. तसं काही नव्हतं, बरं वाटलं.

नव्याच्या आट्यांना ॲंटी-सीझ (आटे गंजून अडकू नयेत म्हणून लावायचं ग्रीससारखं) बहुतेक वेळा लावूनच येतं, तसं असेल तर वरून आणखी लावायचं नाही, टोकाला तर बोटसुद्धा नको. आधी हाताने पूर्ण फिरवला, मग टॉर्क पान्याने ४५ न्यूटन मीटर, आणि कनेक्टर सगळ्यात शेवटी, नाहीतर वायरला पीळ बसतो. वायर सायलेन्सरला टेकणार नाही अशी क्लिपमधे अडकवली.

कोड इरेज केला आणि लाइव्ह डेटा लावून एक चक्कर मारली. थंड सुरू केल्यावर पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज लगेच ०.१ ते ०.९ मधे वरखाली नाचायला लागलं, आधी ते कितीतरी वेळ एकाच आकड्यावर चिकटून असायचं. मागचा ०.७ च्या आसपास स्थिर, म्हणजे कॅट मस्त काम करतोय, त्याला हात लावायची गरजच नव्हती. मागचा सेन्सर पण बदलूनच टाक असं घरच्यांचं म्हणणं होतं, पण त्याचा हीटर आणि रीडिंग दोन्ही बरोबर आहेत, तो तसाच ठेवलाय, पुढच्या सर्व्हिसिंगला परत मोजेन. दिवा परत लागलेला नाही, सकाळचा वासही गेला.